खरं का बराबर

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा होता. पारोळा तालुक्यातल्या एका गावच्या माध्यमिक शाळेत नववीच्या वर्गाला मी प्रश्नावल्या वाटल्या होत्या. खिडकीबाहेरच्या शेतांत पऱ्हाट्या उपटून बांधाला रचून ठेवलेल्या होत्या, पत्र्याची धग अकरा वाजताच डोक्यावर उतरू लागली होती आणि वर्गात पेन्सिलींची खरखर तेवढी ऐकू येत होती. तिसऱ्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. मी जवळ गेलो. त्याचे बोट बाराव्या प्रश्नावर होते. गेल्या ३० दिवसांत तुम्ही तंबाखू, गुटखा किंवा मावा एकदा तरी खाल्ला आहे का, असा तो प्रश्न होता आणि पुढे ‘हो’ व ‘नाही’ अशा दोन चौकटी होत्या. मुलाने बोट न हलवता मागे उभ्या असलेल्या वर्गशिक्षकांकडे एकदा पाहिले आणि हलक्या आवाजात विचारले, “सर, खरं लिखानं का बराबर लिखानं?”

मी म्हणालो, “खरं लिही,” आणि पुढच्या बाकाकडे वळलो.

परतीच्या एस.टी.मध्ये बसल्यावर तो प्रश्न मनात रुतून बसल्याचे जाणवले. त्या मुलाला काहीही समजलेले नव्हते अशातला भाग नव्हता, उलट त्याला सगळे समजले होते. जुलैपासून त्याच वर्गात, त्याच फळ्यासमोर त्याला सांगण्यात आले होते की तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो, मित्राने पुडी पुढे केली तर नाही म्हणायचे असते आणि घरी कोणी खात असेल तर त्यालाही समजावायचे असते. आता त्याच वर्गात, परीक्षेच्या कागदासारखा दिसणारा कागद त्याच्या हाती आला होता. परीक्षेत बरोबर उत्तराला गुण असतात, खऱ्या उत्तराला नसतात. नववीतल्या मुलाला हा फरक माहीत होता आणि तो त्याने पाच-सहा शब्दांत माझ्यापुढे ठेवला होता. मनाला अधिक लागली ती वेगळी गोष्ट. कागद वाटण्यापूर्वी वर्गशिक्षक अत्यंत आपुलकीने म्हणाले होते, “नीट वाचा, बरोबर उत्तरं लिहा, आपल्या शाळेचं नाव आहे.” हे वाक्य माझ्या कानावर पडले होते. त्याच क्षणी त्यांना थांबवणे, मुलांना पुन्हा समजावणे आणि गुरुजींना विनंती करून बाहेरच्या ओट्यावर बसवणे हे माझे काम होते. एकची गाडी चुकेल म्हणून मी ते केले नाही.

व्यसनप्रतिबंधाच्या कार्यक्रमांचे मूल्यमापन करण्यात माझी २६ वर्षे गेली. कार्यक्रम मी चालवत नाही. तो शासन चालवते किंवा एखादी संस्था चालवते. मी आधी जातो आणि नंतर जातो. शाळा उघडल्यावर पूर्वचाचणी, वर्ष संपत आले की उत्तरचाचणी आणि जिथे कार्यक्रम झालाच नाही अशा दुसऱ्या शाळेतही त्याच दोन चाचण्या, म्हणजे मुले वयाने वाढल्यामुळे झालेला बदल आणि कार्यक्रमामुळे झालेला बदल वेगळा काढता येतो. ऐकायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात पहिली अडचण नावापासून सुरू होते. मुलांनी निर्भयपणे लिहावे म्हणून कागदावर नाव घेत नाहीत, पण जुलैचा कागद आणि फेब्रुवारीचा कागद एकाच मुलाचा आहे हे तर कळायला हवे. म्हणून प्रत्येकाने स्वतःचा एक संकेत तयार करायचा असतो: आईच्या नावाचे पहिले अक्षर, जन्मतारखेतला दिवस आणि महिना, घरातल्या भावंडांची संख्या. पुस्तकात ही पद्धत चोख आहे. आमच्याकडे पहिल्याच वर्षी गठ्ठे जुळवायला बसलो तेव्हा एका वर्गातल्या निम्म्याअधिक मुलांची जन्मतारीख १ जून निघाली. नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली ती तारीख. आई सुमनबाई किंवा सुनंदाबाई, भावंडे तीन, जन्म १ जून. असे पाच कागद समोर ठेवून कोणता कोणाचा हे मी रात्रभर ओळखत बसलो होतो. तेव्हापासून मी तारखेऐवजी आजोळच्या गावाचे पहिले अक्षर विचारतो. आजोळचे गाव कोणी चुकत नाही.

दुसरी अडचण दिवाळीनंतर येते. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरू लागतात. चाळीसगाव, साक्री, नवापूर, तळोदा या भागांतली कितीतरी घरे ऊसतोडीसाठी कोयते घेऊन बाहेर पडतात, काही गुजरातकडे जातात, आणि त्यांच्याबरोबर मुलेही जातात. फेब्रुवारीत मी वर्गात जातो तेव्हा जुलैत भरलेले बाक रिकामे असतात. तोडीच्या ठिकाणी पहाटे तीनला उठून उसाच्या मोळ्या बांधणाऱ्या, भूक आणि थंडी मारायला मोठ्यांबरोबर तंबाखूची चिमूट ओठात धरणाऱ्या मुलांनाच या कार्यक्रमाची गरज सर्वांत अधिक होती, आणि तीच मुले दुसऱ्या चाचणीत नसतात. जी उरतात त्यांच्या उत्तरांवरून टक्केवारी काढली तर व्यसन आपोआप कमी झालेले दिसते. कोणी खोटे बोललेले नसते, कोणी आकडा बदललेला नसतो. बाक रिकामा असतो, एवढेच. म्हणून माझ्या प्रत्येक अहवालात गळालेल्या मुलांचा तक्ता पहिल्या पानावर असतो, आणि जवळजवळ प्रत्येक बैठकीत तो शेवटी न्यावा असे मला सुचवले जाते.

प्रश्न कसा विचारला यावर उत्तर किती अवलंबून असते, हे मी पुस्तकाच्या आधी घरी शिकलो. आमचे गाव बोरी नदीच्या काठचे. माय पहाटे चुलीवर तवा ठेवून त्यावर तंबाखूची पाने भाजायची. पाने आधी वळायची, मग काळी पडायची, आणि तो तिखट, घशात अडकणारा धूर ओसरीपर्यंत यायचा. आम्ही भावंडे खोकतच उठायचो. भाजलेली पूड ती पाट्यावर बारीक करून पत्र्याच्या डबीत भरायची आणि मग उंबऱ्यावर बसून डाव्या तळहातावर चिमूटभर मिसरी घेऊन उजव्या हाताच्या बोटाने दातांना लावत राहायची. दिवसभरातल्या कामाच्या रामरगाड्यात तिचे स्वतःचे म्हणावेत असे तेवढेच क्षण होते. पुढे मी या कामाला लागलो. सवय व्हावी म्हणून प्रश्नावली घरी नेली आणि पहिली मुलाखत तिचीच घेतली. तंबाखू खाता का, असे मी विचारले. ती दुखावल्यासारखी माझ्याकडे पाहत म्हणाली, “मी कोठे तमाखू खास? मी ते दात घसस.” मी ‘नाही’वर खूण केली. त्या दिवशी तिच्या दृष्टीने ते उत्तर खरेही होते आणि बरोबरही होते. चुकला होता तो माझा प्रश्न. प्रौढांच्या तंबाखूवापराचे जे जागतिक सर्वेक्षण आपल्याकडे २००९-१० मध्ये आणि पुन्हा २०१६-१७ मध्ये झाले, त्यात दात घासण्याच्या आणि लावण्याच्या तंबाखूचा उल्लेख वेगळा होता, हे वाचले तेव्हा मला समाधान वाटले होते. त्या सर्वेक्षणांत महाराष्ट्रातल्या तंबाखू वापरणाऱ्या प्रौढांचे प्रमाण ३१.४ टक्क्यांवरून २६.६ टक्क्यांवर आल्याचे दिसते. असा आकडा वाचताना मला नेहमी उंबऱ्यावर बसलेली माय दिसते, आणि तिला कोणी नीट विचारले असेल का, असे मनात येते. शेवटी तिच्या गालाच्या आत पांढरा चट्टा उठला. तो वेळेवर दिसला म्हणून निभावले. डबी मात्र तिने तपासणीच्या दिवशीही कमरेला खोचलेली होती.

सातपुड्यात तर प्रश्नच मोडून पडतो. धडगावच्या वर एका पाड्यावर एका वृद्ध पावरा आदिवासी गृहस्थांना आमच्या कार्यकर्त्याने पावरीतून विचारले की गेल्या महिन्यात दारू घेतली का. ते बराच वेळ गप्प राहिले. अंगणात मोहाची फुले वाळत पडली होती आणि त्यांचा गोडसर, किंचित आंबूस वास सगळीकडे भरून राहिला होता. मग त्यांनी उलट विचारले, “देवाची धरायची का?” लग्न जुळताना, होळीला, पूजेच्या वेळी आधी जमिनीवर थेंब सांडून मग घेतलेली मोहाची, आणि बाजाराच्या दिवशी रस्त्याकडेच्या दुकानातून घेतलेली बाटली, या त्यांच्या दृष्टीने दोन निराळ्या गोष्टी होत्या. मी दोन्ही एकाच चौकटीत बसवल्या असत्या तर होळीच्या महिन्यात सगळा पाडा व्यसनी ठरला असता, आणि त्याच पाड्यावर ज्या दोन घरांत बाटलीने खरोखर वाताहत केली होती, ती त्या आकड्यात हरवली असती. मी त्या रात्री प्रश्न दोन केले. पलीकडच्या गुजरातेत १९६० पासून दारूबंदी आहे, अलीकडच्या महाराष्ट्रात ती नाही, आणि मधल्या डोंगरवाटांवर राहणाऱ्या माणसांना या दोन्ही राज्यांचे फलक वाचावे लागतात. त्यांच्याकडून एका शब्दात उत्तर मागणे अन्यायाचे आहे, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते.

जे मोजायला सोपे असते तेच मोजले जाते, ही या क्षेत्राची सगळ्यात मोठी व्यथा आहे. २६ जूनला, अमली पदार्थविरोधी दिनी, फेरी निघते, मुले हात पुढे करून शपथ घेतात, छायाचित्र काढले जाते आणि शपथ घेतलेल्यांची संख्या वरच्या कार्यालयात जाते. शाळेच्या कुंपणापासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने मनाई आहे. त्या अंतरावर पिवळी रेघ मारायची असते. मी टेप घेऊन ही रेघ मोजत गावोगाव हिंडलो आहे. एका गावात रेघ अगदी अचूक होती. टपरीवालाही प्रामाणिक निघाला, त्याने आपली टपरी उचलून रेघेच्या पलीकडे ठेवली होती. तिथे एस.टी.चा थांबा होता. शाळा सुटल्यावर बाहेरगावची सगळी मुले अर्धा-पाऊण तास त्याच सावलीत गाडीची वाट पाहत बसायची. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ च्या जुलैपासून बंदी आहे, म्हणून दर्शनी भागी पुड्यांच्या माळा नव्हत्या. हात खाली जायचा आणि वर यायचा. माझ्या तपासणीच्या तक्त्यात ‘पिवळी रेघ आहे काय’ या प्रश्नापुढे मला ‘होय’ लिहावे लागले.

मुलांनी खोटे लिहिले तर ते ओळखण्याचे उपाय आहेत. यादीत एक अस्तित्वातच नसलेला पदार्थ घालतात. त्यावर कोणी ‘घेतला आहे’ अशी खूण केली की तो बढाई मारतो आहे हे कळते. मीही असे एक नाव बनवले आहे, ते इथे लिहीत नाही. पण या युक्तीने वाढवून सांगणारा सापडतो, लपवणारा सापडत नाही. त्याच्यासाठी लाळेतले कोटिनीन तपासावे लागते, ते गेल्या काही दिवसांतला तंबाखू सांगते, आणि त्याचा खर्च तालुक्याच्या कार्यक्रमाला पेलत नाही. म्हणून शेवटी सारे विसंबते ते त्या तिसऱ्या बाकावरच्या मुलाने माझ्यावर ठेवलेल्या विश्वासावर.

या विश्वासाचे आणि खऱ्याचे नाते किती गुंतागुंतीचे आहे, याचा सगळ्यात अस्वस्थ करणारा पुरावा अमेरिकेतला आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज आणि सॉमरव्हिल या दोन शहरांत १९३९ साली सुरू झालेल्या एका कार्यक्रमात पाचशेहून अधिक मुलांच्या दोघा-दोघांच्या जोड्या लावून, प्रत्येक जोडीतल्या एकाला वर्षानुवर्षे समुपदेशन, अभ्यासात मदत, उन्हाळी शिबिरे असा आधार दिला गेला, आणि दुसऱ्याला काहीच दिले गेले नाही. मुले बिघडू नयेत हा हेतू होता. जोन मॅककॉर्ड या संशोधिकेने कार्यक्रम संपल्यावर ३० वर्षांनी ती माणसे शोधून काढली आणि १९७८ साली निष्कर्ष मांडले. आधार मिळालेल्यांपैकी दोन तृतीयांश लोकांनी सांगितले की त्या कार्यक्रमाचा आम्हाला फायदा झाला. मात्र नोंदी तपासल्या तेव्हा मद्यासक्तीची लक्षणे, मानसिक आजार, अकाली मृत्यू अशा कितीतरी बाबतीत आधार मिळालेल्यांचीच स्थिती अधिक वाईट निघाली. लॉस एंजेलिसमध्ये १९८३ साली सुरू झालेला ‘डेअर’ हा कार्यक्रम, ज्यात गणवेशातला पोलीस वर्गात येऊन अमली पदार्थांविषयी शिकवायचा, तोही पालकांचा, शिक्षकांचा अतिशय लाडका होता. पण पुन्हा पुन्हा केलेल्या मूल्यमापनांत मुलांच्या वागणुकीवर त्याचा टिकाऊ परिणाम दिसला नाही. संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानकांत आज स्पष्ट लिहिले आहे की नुसती माहिती देणे, भीती घालणे, पूर्वी व्यसनी असलेल्याला व्यासपीठावर उभे करून त्याची कहाणी ऐकवणे यांनी प्रतिबंध साधत नाही, प्रसंगी उलट होते. आपल्याकडच्या शाळांत सडलेल्या जबड्यांचे फलक लावताना मी हात जोडून हे सांगितले आहे. आवडणे आणि उपयोगी पडणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे समोरच्याला पटवताना माझा घसा कोरडा पडतो, कारण समोर बसलेला माणूस मनापासून काम करणारा असतो.

अशीच एक कार्यकर्ती माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. तळोद्याकडची मुलगी, वीस-बावीस वर्षांची. वर्षभर ती सात शाळांत सत्रे घ्यायची, एस.टी. जिथे थांबते तिथून पुढे पायी जायची. पावसाळ्यात नाल्याला पाणी असले की चपला हातात घेऊन पलीकडे जाऊन मुलांबरोबर नाटुकले बसवायची. मुले तिला ‘ताई’ म्हणून चिकटायची. वर्षअखेर आकडे आले: माहितीच्या प्रश्नांत मोठी वाढ, प्रत्यक्ष वापरात तुलनेच्या शाळांपेक्षा काहीही फरक नाही. मी ते तिला बाजूला बसवून सांगितले. तिने कागद उलटसुलट केला, बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “भाऊ, मग मी वर्षभर काय केलं?” माझ्याजवळ उत्तर होते, पण ते सांगायला जीभ वळली नाही. कार्यक्रम आठ तासांचा होता, घरच्यांना त्यात घेतलेच नव्हते, थांब्यावरची टपरी तशीच होती; एका मुलीच्या पायपिटीने हे सगळे भरून निघणार नव्हते. ते तिचे अपयश नव्हते, आखणीचे होते.

त्या अहवालाचे पुढे जे झाले ते मी आजवर लिहिलेले नाही. ज्या संस्थेने मूल्यमापन करवून घेतले होते, तिने ‘वापरावर परिणाम आढळला नाही’ हे वाक्य तक्त्याखालच्या टिपेत न्यावे आणि सारांशात ‘विद्यार्थ्यांच्या जाणीवजागृतीत लक्षणीय वाढ’ असे लिहावे, अशी विनंती केली. निधी थांबला तर कार्यकर्त्यांच्या नोकऱ्या जातील, असे त्यांनी सांगितले, आणि ते खोटे नव्हते. माझ्या डोळ्यांपुढे चपला हातात घेतलेली ती मुलगी आली. मी ते वाक्य लिहिले. त्यातला शब्दन् शब्द तक्त्याशी जुळत होता. पुढच्या वर्षी तोच आठ तासांचा कार्यक्रम आणखी शाळांत गेला, टपरी थांब्यावरच राहिली, आणि तिची पायपीट वाढली.

मी बराबर लिहिले होते.

पारोळ्याहून आणलेला गठ्ठा मी मार्चच्या पहिल्या रविवारी उघडला. घरात नोंदी भरायला मी खिडकीजवळचे टेबल वापरतो. सकाळी तिरपे ऊन थेट कागदावर येते. बाराव्या प्रश्नाशी पोहोचलो तेव्हा एका कागदावर बोट थबकले. ‘नाही’ची चौकट ठळक भरलेली होती, पण ‘हो’च्या चौकटीतला कागद खरखरीत लागत होता. उन्हात तिरपा धरला तर दिसले की तिथे पेन्सिल दाबून खूण केली होती आणि नंतर ती रबराने इतकी घासली होती की कागदाची साल निघाली होती. तो कागद त्याच मुलाचा होता का, हे मला माहीत नाही आणि मी ते शोधणारही नाही. संकेत कोणाचा हे न पाहणे हा माझा त्यांच्याशी झालेला करार आहे. मी पुढचे कागद उन्हात धरत गेलो. आणखी काहींवर तशीच साल निघालेली होती, आणि सगळीकडे ‘हो’कडून ‘नाही’कडे. आमचा नियम सांगतो की शेवटची खूण ग्राह्य धरावी. त्या नियमाप्रमाणे ही सारी मुले ‘नाही’त मोजायची, कार्यक्रम यशस्वी ठरायचा, आणि कागदावर कुठेही खोटे दिसायचे नाही. त्या चौकटींत आधी जे लिहिले गेले आणि मग मागे उभ्या असलेल्या माणसाची, शाळेच्या नावाची, घरी कळेल या धास्तीची आठवण होऊन जे पुसले गेले, त्याला आमच्या तक्त्यात जागाच नव्हती. २६ वर्षांत माझ्या हाताखालून असे किती कागद गेले असतील, याचा विचार करत मी चहा निवेपर्यंत बसून राहिलो.

मग संस्थेच्या समन्वयकांना फोन करून सांगितले की या शाळेची उत्तरचाचणी मी ग्राह्य धरत नाही, शिक्षकांच्या सूचनेनंतर ती घेतली गेली आणि तिथे थांबवण्याची जबाबदारी माझी होती, असे अहवालात लिहीन. परीक्षा संपण्यापूर्वी एक दिवस मला माझ्या खर्चाने पुन्हा जाऊ द्यावे. ते क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले की कळवतो. फोन ठेवून मी पट्टी घेतली आणि नोंदवहीच्या पानावर बाराव्या प्रश्नाशेजारी आणखी एक रकाना आखला. त्याला काय नाव द्यावे ते सुचेना, म्हणून वर नुसते ‘पुसलेले’ असे लिहिले आणि गठ्ठा पुन्हा पहिल्या कागदापासून उन्हात धरायला घेतला.